लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघा सावरताना: बडोद्यातील नवख्या रुग्णांसाठी क्रमवार मार्गदर्शन

एमआरआयच्या अहवालात लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी जोडणारा बंध, फाटल्याचे वाचल्यावर बहुतेक घरांत शस्त्रक्रिया कोणाकडे करायची आणि खर्च किती येईल यावर चर्चा होते. त्यानंतरच्या आठ-दहा महिन्यांत काय करायचे याचा विचार टाके निघेपर्यंत सहसा कोणी करीत नाही. हा लेख त्या महिन्यांविषयी आहे. त्यातला क्रम एसीएलच्या, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आतून बांधणाऱ्या पुढच्या बंधाच्या, पुनर्रचनेला धरून दिला आहे. बाजूचा एमसीएल पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचूनच भरून येतो, आणि मागचा पीसीएल दुरुस्त केला असेल तर व्यायामांचे नियम बरेच वेगळे असतात, त्यामुळे त्या रुग्णांनी पुढचे आकडे आपल्याला लावून घेऊ नयेत. खाली दिलेल्या मुदती सर्वसाधारण आहेत. आपल्या शल्यचिकित्सकांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच म्हणणे प्रमाण मानावे, कारण गुडघा आतून त्यांनी पाहिलेला असतो.

कागद नीट वाचून घ्या

रुग्णालयातून सुटी मिळताना जो सारांश हातात पडतो, त्यातल्या तीन गोष्टी विचारून समजून घ्याव्यात. पहिली, नवा बंध कशाचा बनवला. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचे कंडरे (स्नायूला हाडाशी बांधणारे दोर), गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा, मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा किंवा घोट्याजवळचा पेरोनिअस कंडरा यांपैकी काहीतरी वापरलेले असते, आणि जिथून तो काढला ती जागाही बरी व्हावी लागते. हॅमस्ट्रिंग काढला असेल तर पहिले दीड महिना टाच जोराने मागे ओढणारे व्यायाम करायचे नसतात. वाटीखालचा पट्टा काढला असेल तर गुडघे टेकून बसताना पुढे कितीतरी महिने दुखू शकते.

दुसरी गोष्ट गादीची. मेनिस्कस, ज्याला आपण सर्रास गुडघ्याची गादी म्हणतो, ती नुसती छाटली असेल तर वेळापत्रकात फारसा फरक पडत नाही. ती शिवली असेल तर मात्र पहिले चार ते सहा आठवडे पायावर वजन किती द्यायचे आणि गुडघा किती वाकवायचा यांवर मर्यादा येते, ती बहुधा ९० अंशांची असते, आणि खोल उकिडवे बसणे चार-सहा महिने वर्ज्य राहते. शेजारच्या सोसायटीतील कोणीतरी दहाव्या दिवशी कुबड्यांशिवाय चालत होते, ही माहिती अशा वेळी निरुपयोगी असते, कारण त्या व्यक्तीच्या गादीला टाके नव्हते हे आपल्याला ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट ब्रेसची, म्हणजे गुडघ्याला बांधायच्या बिजागरीच्या आधाराची: तो झोपतानाही घालायचा का, चालताना कुलूपबंद, म्हणजे गुडघा वाकणार नाही असा, ठेवायचा का, आणि कधी काढायचा.

आता थोडे आत काय चालते त्याविषयी, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. बसवलेला कंडरा स्क्रूने किंवा बटणाने पहिल्या दिवसापासून घट्ट धरलेला असतो, पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर त्याच्यात नव्या रक्तवाहिन्या घालते, जुने तंतू मोडून नवे रचते, आणि या मोडतोडीच्या काळात, साधारणपणे सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान, तो सर्वांत नाजूक असतो. हाडाच्या बोगद्यात कंडरा रुजायलाही आठ ते बारा आठवडे लागतात. पंचाईत अशी, की याच सुमारास वेदना जवळजवळ थांबलेल्या असतात, सूज उतरलेली असते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटू लागते. माझ्या मते या शस्त्रक्रियेनंतरचा सर्वांत धोक्याचा काळ पहिला आठवडा नसून हा तिसरा महिना आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी

दुखापत झाल्या झाल्या, सुजलेल्या आणि अर्धवट आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केली तर तो नंतर ताठ राहण्याची शक्यता वाढते. म्हणून गादी अडकून गुडघा कुलूप लागल्यासारखा झाला नसेल, तर बहुतेक शल्यचिकित्सक सूज उतरेपर्यंत आणि गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत दोन-चार आठवडे थांबतात. हे आठवडे फुकट घालवू नयेत. मांडी आवळण्याचा, पाय सरळ उचलण्याचा आणि कुबड्यांवर चालण्याचा सराव याच वेळी करून ठेवावा. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, गुंगी आणि वेदना यांच्यात, कुबडी कोणत्या हातात धरायची हे शिकणे फार अवघड जाते.

घराची तयारीही याच वेळी व्हावी. दांडिया बाजार, रावपुरा किंवा जुन्या पोळींमधल्या, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांमधल्या, घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, काही ठिकाणी कठड्याऐवजी दोरखंड लोंबत असतो; अशा घरात राहणाऱ्यांनी पहिले दोन-तीन आठवडे तळमजल्यावर पलंग टाकून घ्यावा. भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणावी. न्हाणीघरात प्लास्टिकची भक्कम खुर्ची आणि पायाखाली रबरी चटई ठेवावी, दिवाणखान्यातील सतरंज्या गुंडाळून ठेवाव्यात, आणि कुबड्यांच्या टोकांचे रबर झिजले असेल तर नवे बसवावे. पावसाळ्यात शस्त्रक्रिया असेल तर ओल्या कोटा फरशीवर झिजलेले रबर सरकते आणि नवा बंध पहिल्याच आठवड्यात ताणला जातो.

तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती बंद करण्याची हीच वेळ. जखम आणि कंडरा दोन्ही तिच्यामुळे उशिरा भरतात.

पहिले दोन आठवडे: आधी सरळ, मग वाकडा

या पंधरवड्यात नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, गुडघा किती वाकतो. माझ्या दृष्टीने त्याआधी विचारण्याचा प्रश्न आहे, गुडघा पूर्ण सरळ होतो का. वाकणे उशिरा आले तरी येते. सरळ होणे पहिल्या काही आठवड्यांत राहून गेले तर बंधाच्या पुढे चट्ट्याची गाठ धरते, सांधा आखडतो, आणि क्वचित ती गाठ काढण्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागते. शिवाय जो गुडघा पाच अंश जरी वाकलेला राहिला, त्याची मांडी कधीच पूर्ण ताकदीने आवळली जात नाही आणि चालण्यातील लंगडेपणा हटत नाही.

हे घरी तपासायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. पलंगावर पाय लांब करून बसावे, टाचेखाली घडी केलेली चादर अशी ठेवावी की पोटरी आणि गुडघा अधांतरी राहतील. मांडी सैल सोडावी. आता घरातल्या कोणीतरी गुडघ्याच्या मागे तळहात सरकवून पाहावा, मग चांगल्या पायाखाली तसेच पाहावे. चांगला गुडघा खाली झुकून हाताच्या पाठीला टेकत असेल आणि शस्त्रक्रियेचा गुडघा कमानीसारखा वर राहत असेल, तर तेवढे अंतर अजून बाकी आहे. याच स्थितीत दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटे बसणे हाच त्यावरचा व्यायाम आहे. तो कंटाळवाणा आहे, आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते, म्हणून लोक तो टाळतात आणि त्याऐवजी नेमकी उलट गोष्ट करतात: गुडघ्याखाली मऊ उशी घेऊन झोपतात. आजी मायेने ठेवते, बरेही वाटते, पण गुडघा त्याच वाकलेल्या स्थितीत आखडतो. उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवावी.

दुसरा व्यायाम मांडीचा. गुडघ्यात सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप मंदावतो. रुग्ण मनापासून आवळतो तरी स्नायू हलत नाही, आणि तो आळस करतो आहे असा आरोप घरचे करतात. हा आळस नसतो, सुजलेल्या सांध्याकडून जाणारे संदेशच त्या स्नायूला आवरून धरतात. म्हणून सूज उतरवणे आणि मांडी जागी करणे ही एकत्र करायची कामे आहेत. पाय सरळ ठेवून वाटी मांडीकडे ओढल्यासारखी मांडी आवळावी, पाच मोजेपर्यंत धरावी, सोडावी. दर तासाला असे दहा-पंधरा वेळा करावे. काही रुग्णांना यासाठी फिजिओथेरपिस्ट विजेच्या सौम्य झटक्यांचे यंत्र लावतात आणि त्याचा उपयोग होतो. मग ब्रेसमध्ये पाय सरळ उचलण्याचा व्यायाम येतो. ब्रेस काढून तो करताना बाजूने पाहावे: टाच पलंगावरून सुटते त्या क्षणी गुडघा किंचित वाकून खाली लोंबतो का? लोंबत असेल तर मांडी अजून सांधा धरू शकत नाही, आणि ब्रेस किंवा कुबड्या सोडण्याची वेळ आलेली नाही.

वाकवण्यासाठी टाच पलंगावरून नितंबाकडे हळूहळू सरकवावी. गादी शिवलेली नसेल तर दोन आठवड्यांच्या अखेरीस ९० अंशांच्या आसपास पोहोचणे पुरेसे आहे. घोटे वर-खाली करण्याचा व्यायाम जागेपणी वारंवार करावा, त्यामुळे पोटरीतले रक्त खेळते राहते. बर्फाची पिशवी नेहमी फडक्यावरून, पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. बडोद्याच्या मे महिन्यात ब्रेसखाली घामाने पुरळ येते, तेव्हा परवानगी असेल त्या वेळी ब्रेस काढून त्वचा कोरडी करावी. टाके साधारणपणे दहाव्या ते चौदाव्या दिवशी निघतात, तोवर जखम भिजवू नये. जखमेच्या खालच्या व बाहेरच्या बाजूला हाताला बधिर लागते, ते पाहून घाबरू नये; त्वचेच्या बारीक नसा कापल्या गेल्यामुळे तसे होते आणि बधिर भाग हळूहळू लहान होतो.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र फिजिओथेरपिस्टच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नये, त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना फोन करावा: ताप आणि थंडी, जखमेतून पू किंवा सतत पाझर, कमी होण्याऐवजी रोज वाढणारी वेदना आणि लाली, पोटरीत एका जागी दुखणे व पोटरी टणक होऊन सुजणे. छातीत दुखले किंवा अचानक धाप लागली तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा, कारण पोटरीत झालेली गुठळी फुप्फुसात गेल्याचे ते लक्षण असू शकते.

याच कारणासाठी चोळण्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. आपल्या शहराला मालिश आणि हाडे बसवण्याच्या विद्येचा अभिमान आहे. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या काळी कुस्ती-मल्लखांबाबरोबर मोडलेल्या-मुरगळलेल्या अवयवांवर उपचारही होत असत, आणि जुन्या मराठी घरांत अजूनही ‘एकदा तेल लावून चोळून घे’ असा सल्ला मिळतो. ती विद्या तिच्या जागी मोठी आहे. पण शस्त्रक्रिया झालेल्या पायाची पोटरी पहिल्या आठवड्यांत कोणीही रगडू नये, आणि कोणीही जोर लावून गुडघा वाकवून देऊ नये. जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर आणि वाटीभोवती हलक्या हाताने मालिश कशी करायची हे फिजिओथेरपिस्ट स्वतः शिकवतात.

वेदनाशामक गोळ्या सांगितल्या असतील तेवढ्या वेळेवर घ्याव्यात. सुरुवातीला त्या व्यायाम शक्य करतात, म्हणून सहन करण्यात शौर्य मानू नये. मात्र पुढे केवळ जास्त व्यायाम रेटण्यासाठी गोळी घेणे चुकीचे आहे, कारण मग गुडघा काय सांगतो ते ऐकू येत नाही. आहारात प्रथिने वाढवावीत. शाकाहारी घरात वरण-भात पुरतो असा समज असतो, तो पुरत नाही. दोन्ही जेवणांत उसळ किंवा घट्ट डाळ, शिवाय दही, पनीर, शेंगदाणे, आणि चालत असतील तर अंडी असावीत.

तिसरा ते सहावा आठवडा

कुबड्या सोडण्याची तारीख कोणी ठरवून देऊ नये. पाय सरळ उचलताना गुडघा लोंबत नाही, चालताना टाच आधी टेकते, आणि लंगडत नाही, या तीन गोष्टी जमल्या की कुबडी सुटते. मधल्या काळात एकच कुबडी वापरायची असेल तर ती शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आणि कुबडी आधी, हा नियम घरातल्या लहान मुलालाही पाठ करून ठेवावा, म्हणजे ते आठवण करून देते.

गुडघा १०० ते ११० अंश वाकू लागला की जागेवरची सायकल सुरू करता येते. बैठक उंच ठेवावी, सुरुवातीला भार शून्य ठेवावा, आणि फेरी पूर्ण होत नसेल तर पेडल पुढे-मागे झुलवत राहावे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास १२० अंश हे बहुतेकांसाठी योग्य उद्दिष्ट आहे. भिंतीला पाठ टेकून थोडेसे खाली सरकणे, टाचा उचलणे, एका पायावर तोल सांभाळणे, कमी उंचीच्या पायरीवर चढणे असे व्यायाम या काळात येतात. जिममधल्या खुर्चीवर बसून पायाने वजन वर उचलण्याच्या यंत्राकडे स्वतःहून वळू नये; गुडघा शेवटी सरळ होतो त्या टप्प्यात ते यंत्र नव्या बंधाला ओढ देते, म्हणून ते कधी आणि किती अंशांत वापरायचे हे फिजिओथेरपिस्टने सांगावे.

फिजिओथेरपीच्या खर्चाने अनेक जण याच टप्प्यावर येणे थांबवतात. रोज जाणे परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा जाऊन व्यायाम तपासून घ्यावेत आणि बाकीचे दिवस घरी करावेत. सयाजी रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयातही फिजिओथेरपी विभाग आहे. यंत्रांचा शेक घेण्यासाठी पैसे खर्च करून व्यायाम मात्र घरी ‘जमेल तसे’ करणे हा व्यवहार उलटा आहे.

तिसरा महिना आणि रोजचे व्यवहार

कार्यालयात टेबलाशी बसून काम करणारे दोन-तीन आठवड्यांत कामावर जाऊ शकतात, फक्त पाय लांब करायला जागा हवी आणि तासाला एकदा उठायला हवे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत उभ्याने काम करणाऱ्यांना, शिड्या चढणाऱ्यांना किंवा वजन उचलणाऱ्यांना तीन ते सहा महिने लागतात, आणि ही गोष्ट सुटीचा अर्ज करतानाच मालकाला सांगितलेली बरी.

दुचाकीचा प्रश्न बडोद्यात टळत नाही. गाडी चालवणे त्या मानाने सोपे आहे. अडचण गाडी थांबते तेव्हा येते. सिग्नलवर गाडी एका बाजूला कलते, पाय झटकन जमिनीवर टेकतो आणि गाडीचे सगळे वजन वाकलेल्या, किंचित पिळलेल्या गुडघ्यावर येते. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया असेल तर गिअरही त्याच पायाने टाकावा लागतो आणि बहुतेकांची पाय टेकवण्याची सवयही डावीच असते. मुख्य स्टँडवर गाडी चढवणे हा आणखी एक धक्का. म्हणून मांडी भक्कम होऊन एका पायावर तोल जमेपर्यंत, म्हणजे बहुधा दोन-तीन महिने, दुचाकी नको. चारचाकी शल्यचिकित्सकांच्या परवानगीने साधारणपणे चार ते सहा आठवड्यांनंतर, आणि उजवा पाय असेल तर जोराने ब्रेक दाबण्याची चाचणी थांबलेल्या गाडीत करून पाहिल्यावरच. वेदनाशामक गोळ्यांची गुंगी असेल तोवर कोणतेही वाहन नाही.

खाली बसण्याविषयी मराठी घरांत जितके प्रश्न येतात तितके इतर कशाविषयीच येत नाहीत. गणपतीत पाटावर बसून पूजा सांगायची असते, पंगत असते, नातवंड मांडीवर हवे असते. मांडी घालताना गुडघा नुसता वाकत नाही, तो बाहेरच्या बाजूला पिळलाही जातो, आणि उठताना तर संपूर्ण वजन त्या पिळलेल्या स्थितीत येते. म्हणून गुडघा दुसऱ्या पायाइतका वाकू लागल्यावर, आणि बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यांच्या दरम्यान, आधी पलंगावर, मग उंच आसनावर, मग जमिनीवर अशा क्रमाने मांडी घालून पाहावी. वज्रासन आणि उकिडवे बसणे त्याच्याही नंतर. एखाद्या वर्षी यजमानाने खुर्चीवर बसून प्राणप्रतिष्ठा केली तर गणपती रागावत नाही, आत्याबाई रागावतील.

या महिन्यात टाळायच्या हालचाली थोड्याच आहेत, पण त्या अनवधानाने होतात: पाय जमिनीवर रोवून अंग वळवणे, ओल्या फरशीवर घाईने चालणे, बसच्या पायरीवरून उडी मारणे, मुलांबरोबर चेंडू अडवायला पुढे होणे. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवसांत शस्त्रक्रियेला सहा महिने झाले नसतील, तर गच्चीवर खुर्ची टाकून बसावे आणि फिरकी धरावी. कापलेल्या पतंगामागे नजर वर ठेवून मागे-मागे पळणे हे निरोगी गुडघ्यालाही धोक्याचे आहे.

चौथ्या महिन्यापासून: ताकद आणि धावणे

चालणे पूर्ववत झाल्यावर कमाटी बागेतील सपाट रस्ते फार उपयोगाचे आहेत. सकाळी गर्दी होण्यापूर्वी जावे, रोज एकाच मार्गाने जावे, म्हणजे वेळ आणि अंतर यांची तुलना करता येते. अर्धा तास झपाट्याने चालल्यावर संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीभोवतीचे दोन खळगे पाहावेत. ते भरून आले असतील तर सूज आहे, आणि सूज आली याचा अर्थ कालचा भार जास्त झाला. दोन दिवस कमी करावा, मग पुन्हा वाढवावा. ही सकाळची तपासणी पुढचे सगळे महिने चालू ठेवावी, कारण गुडघा दुखण्याच्या आधी सुजतो.

धावणे तीन महिन्यांच्या आत सहसा नाही, आणि त्यानंतरही गुडघा पूर्ण सरळ व जवळजवळ पूर्ण वाकतो, सूज नाही, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ७० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि पायरीवरून एका पायावर हळू उतरताना गुडघा आत कोसळत नाही, हे जमल्यावरच. शेवटची गोष्ट आरशासमोर किंवा मोबाइलवर चित्रण करून पाहता येते: वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहावी, अंगठ्याच्या आत जाऊ नये. सुरुवात एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशी मातीच्या किंवा गवताच्या जमिनीवर करावी. ताकदीचे व्यायाम आता खऱ्या वजनाने, एकेका पायाने स्वतंत्रपणे व्हायला हवेत. दोन्ही पायांनी केलेल्या बैठकांत चांगला पाय गुपचूप जास्त भार उचलतो आणि आरशातही ते लक्षात येत नाही.

पावागडच्या पायऱ्या हे अनेकांचे मनातले ध्येय असते. चढणे तुलनेने सोपे जाते. उतरताना थकलेल्या मांडीवर भार येतो आणि पाय तेव्हाच घसरतो. म्हणून पहिल्या खेपेस डोंगराच्या मध्यावरील माचीपासून चढावे आणि उतरताना उडन खटोल्याने, म्हणजे रोपवेने, यावे.

गरबा, क्रिकेट आणि परत मैदानात

गरबा हा नृत्यप्रकार आहे म्हणून तो खेळापेक्षा सौम्य, अशी समजूत असते. बडोद्याच्या मोठ्या मैदानांवर तासन्‌तास, अनवाणी, असमान जमिनीवर, रोवलेल्या पायावर गिरकी घेत आणि मागून येणाऱ्यांचे धक्के सांभाळत जे चालते, त्यात एसीएलला इजा करणाऱ्या सगळ्या हालचाली आहेत. नव्या बंधाच्या दृष्टीने गरबा फुटबॉलच्या जवळचा आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात असे दिसले की, अशा वळणा-उड्यांच्या खेळांत परतणे जसजसे नवव्या महिन्यापर्यंत लांबवले, तसतसे दर महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. म्हणून नऊ महिने ही किमान मुदत धरावी, आणि वय विशीच्या आत असेल तर बारा महिन्यांकडे झुकावे, कारण तरुण खेळाडूंत बंध पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असतो. इथे कॅलेंडरचा एक सापळा आहे. उत्तरायणात पडून जानेवारीच्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली, तर नऊ महिने ऑक्टोबरच्या अखेरीस पूर्ण होतात आणि नवरात्र बहुधा त्याआधीच आटोपते. ते नवरात्र सोडून द्यावे.

मुदत पुरी झाली तरी तेवढ्याने भागत नाही. चार प्रकारच्या एकपायी उड्यांची चाचणी फिजिओथेरपिस्ट घेतात: एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या दोन्ही बाजूंना आडव्यातिडव्या तीन उड्या, आणि सहा मीटर अंतर लंगडी घालत किती वेळात कापता येते ते. शस्त्रक्रियेचा पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे, मांडीची ताकदही तेवढीच. मात्र या टक्क्यांत एक फसगत आहे: इतके महिने खेळ बंद असल्याने चांगला पायही कमकुवत झालेला असतो, आणि दुबळ्या पायाशी बरोबरी साधून ९० टक्के मिळतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी चांगल्या पायाची उडी आणि त्याने उचललेले वजन लिहून ठेवलेले असेल तर त्याच्याशी तुलना करावी.

उडीवरून उतरताना गुडघा मऊ वाकला पाहिजे आणि आवाज कमी आला पाहिजे. मनात भीती असेल तर तीही सांगावी. भीतीने अंग आखडते, वजन नकळत दुसऱ्या पायावर जाते, आणि त्यावरही सराव करून घेता येतो.

गरब्यासाठी पहिली पायरी घरातल्या मोकळ्या खोलीत, बूट घालून, टाळ्यांच्या संथ तालावर, गिरकीशिवाय. दुसरी पायरी गिरक्यांसह, पण पाय रोवून अंग वळवण्याऐवजी छोटी-छोटी पावले टाकत वळण्याची सवय लावून. मग शेरी गरबा, म्हणजे गल्लीतला गरबा, जिथे माणसे ओळखीची असतात, ताल संथ असतो आणि थकल्यावर ओट्यावर बसता येते. मोठे मैदान सर्वांत शेवटी, तेही बाहेरच्या संथ वर्तुळात, तास-दीड तासापुरते, आणि एक दिवसाआड. दुखापती बहुधा रात्री उशिरा होतात, जेव्हा पाय थकलेले असतात आणि ढोलाची लय वाढलेली असते. क्रिकेटमध्ये तसाच क्रम फलंदाजी, मग सरळ धावण्याची गोलंदाजी, आणि शेवटी क्षेत्ररक्षण असा ठेवावा.

परत खेळू लागल्यावर व्यायाम बंद करण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात. पहिली दोन वर्षे आठवड्यातून दोनदा एकपायी बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूचे व्यायाम आणि उडी मारून नीट उतरण्याचा सराव चालू ठेवावा, तोही दोन्ही पायांचा, कारण पुढची दुखापत शस्त्रक्रिया न झालेल्या गुडघ्याला होण्याचा संभवही कमी नसतो. खेळताना गुडघा अचानक निसटल्यासारखा वाटला, ‘टक्’ असा आवाज आला किंवा काही तासांत तो भरून आला, तर खेळ थांबवून ब्रेस व कुबड्या पुन्हा वापराव्यात आणि चालून पाहण्याऐवजी तपासणीची वेळ घ्यावी.